घराची पत कोण तपासतं?

खोपट म्हणजे झोपडी. कुडाची, गवताने शाकारलेली, एका पावसाळ्यात वाकणारी. ठाण्यात त्याच नावाचा एक भाग आहे. एसटीचा डेपो, सिद्धेश्वर तलाव, हंसनगर, पलीकडे कोलबाड. हे नाव का पडलं ते सोडा, पण आज खोपटमध्ये एक खोपट घ्यायचं म्हटलं तरी वीस वर्षं हप्ता भरत राहावं लागतं. आणि तो हप्ता भरायची परवानगी मिळण्याआधी तुमच्या फोनवर तीन आकडी नंबर उमटतो. ७८० असेल तर बँकेचा माणूस चहा सांगतो. ५९० असेल तर "सर, बघतो आणि कळवतो."

हा नंबर नवा आहे, त्यामागचा प्रश्न जुना. ज्याची पत नाही, त्याला घर कसं मिळणार? मुंबई आणि ठाण्याच्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाला बरीच उत्तरं सापडली. काही हुशार होती, काही बेकायदा होती, काही दोन्ही होती.

पहिलं उत्तर होतं ओळख. १९०४ साली इंग्रज सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. मुळात तो सावकाराच्या पाशातल्या शेतकऱ्यासाठी होता. पण मुंबईतल्या शिकलेल्या कारकुनांना त्यात स्वतःचीही सोय दिसली. सारस्वत समाजातल्या श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. पुढे १९१२ च्या कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तुमच्या बिल्डिंगच्या फाटकावर 'को-ऑप. हाउसिंग सोसायटी लि.' असं लिहिलेलं असतं ना, त्याची मुळं इथे आहेत.

यातली कल्पना साधी होती. एकट्या कारकुनाला कुणी मोठं कर्ज देणार नाही, पण पन्नास कारकून एकत्र आले, एकमेकांना ओळखत असले, तर त्यांची मिळून पत तयार होते. हप्ता बुडवणाऱ्याला उद्या त्याच लोकांच्या लग्नाकार्यात तोंड दाखवायचं असतं. त्या काळचा क्रेडिट स्कोअर हाच. अडचण एवढीच, की ओळख जातीच्या आणि नात्याच्या भिंतीपाशी थांबते. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेल्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांसोबत झोपणाऱ्या कोकणातल्या पोराला गावदेवीच्या या संस्थेत जागा नव्हती.

त्याच्यासाठी पागडी आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. घरमालकाला भाड्यात रस उरला नाही, मग तो खोली देताना एकरकमी पैसे घेऊ लागला. पागडी घेणं गुन्हा होता आणि घेत सगळेच होते. १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा येईपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, शहरातले कितीतरी संसार एका बेकायदा रकमेवर उभे होते. आजच्या भाषेत सांगायचं तर पागडी म्हणजे नुसतं डाउन पेमेंट, मागे कर्ज नाही. कागद नाही, व्याज नाही, बँक नाही. गावची जमीन विकून किंवा बायकोचं सोनं मोडून आणलेली नोटांची जुडी आणि एक भाडेपावती. पत कोण विचारतो? पैसे मोजून घेतले की झालं.

ठाण्याची गोष्ट जरा वेगळी घडली, कारण इथे कारखाने होते. रेमंडची गिरणी १९२५ पासून. पुढे कॅडबरी, व्होल्टास आणि १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट. खोपट या सगळ्याच्या मधोमध, जुन्या आग्रा रोडवर. साठ-सत्तरच्या दशकात या पट्ट्यातल्या माणसाकडे मुंबईच्या बदली कामगाराकडे नव्हती अशी एक गोष्ट होती: महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार.

या पगारातून जी व्यवस्था तयार झाली, तिच्याबद्दल आजच्या पिढीला फारसं माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. कारखान्यात, एसटीत, नगरपालिकेत 'पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था' असायची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ४९ असं आहे, की सभासदाने लिहून दिलं तर मालकाने त्याच्या पगारातूनच हप्ता कापून संस्थेला द्यायचा. हप्ता माणसाच्या हातात येतच नाही, त्यामुळे चुकवायचा प्रश्नच येत नाही. तुमची पत काय, तर तुमच्या कंपनीचा हिशेबनीस.

बाहेर हेच काम नव्या सहकारी बँका करत होत्या. डोंबिवली नागरी १९७० मधली, ठाणे जनता १९७२ मधली, कल्याण जनता १९७३ मधली. तीन-चार वर्षांत एकाच रेल्वेमार्गावर तीन बँका उभ्या राहतात याचा अर्थ समजून घ्यायला हवा. राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर ज्याला धीर होत नव्हता, तो मराठी नोकरदार इथे जात होता. इथे त्याच्याकडे मागत असत दोन जामीनदार.

जामीनदार शोधणं हा एक संस्कार होता. ऑफिसातल्या कोणाला विचारायचं, कोण 'नाही' म्हणणार नाही, कोणाच्या बायकोला कळलं तर भांडण होईल, याचा आठवडाभर विचार व्हायचा. मग रविवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन जायचं. समोरचाही हुशार. तो म्हणायचा, "सही करतो, पण पुढच्या वर्षी माझ्या पोरीचं लग्न आहे, तेव्हा तू." म्हणजे पत उसनी मिळत होती आणि परतही करावी लागत होती. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. बँक थेट त्याच्या दारात जाऊ शकते. कर्ज बुडालं की मैत्रीही बुडायची, आणि कितीतरी घरांत 'कुणालाही जामीन राहू नकोस' हा वडिलांचा शेवटचा उपदेश असायचा. तरीही सह्या होत राहिल्या.

या सगळ्यात मोठी रक्कम मात्र मिळत नव्हती. पतसंस्थेचं कर्ज लग्नाला, आजारपणाला, फार तर डाउन पेमेंटला पुरायचं. घरासाठी लांब मुदतीचं कर्ज हवं, आणि ते देणारं सर्वसामान्य माणसासाठी जवळजवळ कुणी नव्हतं. हुडको १९७० मध्ये आली, पण ती सरकारी मंडळांना पैसे देणारी. अशा वेळी आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी, वयाच्या साठीनंतर, १९७७ मध्ये एचडीएफसी काढली. १९७८ मध्ये तिचं पहिलं कर्ज मालाडमधल्या एका माणसाला मिळालं: ७०,००० रुपयांचं घर, ३०,००० रुपयांचं कर्ज.

हे आकडे पुन्हा वाचा. निम्म्याहून जास्त पैसे त्याने स्वतःच आणले होते. आज आपण वीस टक्के जमत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो.

एचडीएफसीने काय बदललं? जामीनदाराच्या जागी हळूहळू पगाराची स्लिप आली. मला हा बदल पागडीपासून सोसायटीपर्यंतच्या सगळ्या बदलांपेक्षा मोठा वाटतो. माणसाला न ओळखता त्याच्यावर वीस वर्षं विश्वास ठेवायचा आणि त्यासाठी त्याच्या जातीची, गावाची, नातेवाइकांची चौकशी करायची नाही. फक्त उत्पन्न, वय आणि घराचे कागद. ज्याला ओळखपाळख नव्हती, त्याच्यासाठी हा मोठाच मोकळा श्वास होता. पण स्लिप ज्याच्याकडे असते त्याच्याचसाठी. खोपटच्या नाक्यावरचा रिक्षावाला, प्लंबर, पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, लग्नात मेंदी काढणारी मुलगी या सगळ्यांची कमाई कदाचित कारकुनापेक्षा जास्त असेल, पण ती रोख आहे. बँकेच्या दृष्टीने ती नाहीच.

वस्तीवरूनही नकार मिळतो. बँकांच्या बोलीत 'निगेटिव्ह एरिया' असा शब्द आहे: अमुक गल्ली, अमुक चाळ, तिथल्या पत्त्याला कर्ज नको. ही कल्पना काही आपलीच नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे काढले आणि 'धोकादायक' वस्त्या लाल रंगवल्या. त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या हमखास असत. त्याच दशकात, १९३४ मध्ये, तिथल्या सरकारने कर्जाला विमा देऊन कमी डाउन पेमेंटची घरं शक्य केली, पण लाल रंगाच्या बाहेर. आपल्याकडे नकाशा रंगवलेला नसतो. तो फाइल बघणाऱ्याच्या डोक्यात असतो.

मग आली सिबिल. २००० मध्ये स्थापना, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा, आणि त्यानंतर ३०० ते ९०० मधला तो नंबर. नंबरात माणुसकी नाही, तसा पक्षपातही कमी आहे. जामीनदारासाठी पेढे न्यावे लागत नाहीत. पण त्याची स्मरणशक्ती भयंकर आहे. कॉलेजात असताना हप्त्यावर घेतलेला मोबाइल, शेवटचे दोन हप्ते राहिले, सिम बदललं, विसरलात. सहा वर्षांनी घर घ्यायला गेलात की तो मोबाइल समोर उभा. आणि ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही, रोखीने जगला, त्याचा नंबरच नसतो. आजोबांच्या हिशेबात जो सगळ्यात सज्जन माणूस, तो इथे 'हिस्ट्री नाही' म्हणून अडकतो. फक्त इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाला नकार देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. काउंटरवर ते पोचायला वेळ लागतो. वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि त्यातली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हे दोन नियम माहीत असू द्या. घर घ्यायचं ठरवल्यावर नाही, त्याच्या आधीच वर्षभर रिपोर्ट बघा.

आता पैशांकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. ठाण्याच्या आसपास ४० लाखांचं बांधकाम चालू असलेलं छोटं घर धरा. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख. आठ लाख तुमचे. पण स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर एक टक्का जीएसटी, ४० हजार. हे पैसे कर्जात धरत नाहीत. म्हणजे साडेअकरा लाख रुपये हातात हवेत, आणि अजून पंखासुद्धा लावलेला नाही. (घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. ४० हजार वाचतात. घरातली भांडणंही थोडी वाचत असावीत.)

हे साडेअकरा लाख कुठून येतात, याचा इतिहास कुठल्याही बँकेच्या अहवालात नाही. ते आईच्या पाटल्यांतून येतात. गावच्या आंब्याच्या बागेतल्या वाटणीतून येतात. भिशीचा नंबर मुद्दाम उशिरा लावून घेतलेला असतो, त्यातून येतात. भविष्यनिर्वाह निधीतून येतात. २०१७ पासून तर किमान दहा सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेमार्फत पीएफमधली ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येऊ लागली, म्हणजे म्हातारपणाचं घर तरुणपणी बांधायचं. ज्याच्या आईकडे पाटल्या नाहीत, त्याला पर्सनल लोन. त्याचा हप्ता सुरू होतो, आणि त्यामुळे गृहकर्जाची पात्रता आणखी कमी होते.

सरकारी मदत आहे, पण तिची गंमत बघा. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान मिळायचं, जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार. ते थेट कर्जखात्यात जमा व्हायचं. २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे मदत मिळते ती कर्ज मंजूर झाल्यावर. उंबऱ्याच्या आत आल्यावर हात दिला जातो, अडखळतो तो माणूस उंबऱ्यावरच. लॉटरीतही तेच. कल्याणजवळच्या शिरढोणला किंवा खोणीला म्हाडाचं घर लागलं, सत्कार झाला, पेढे वाटले. मग कर्ज कोण देणार?

या फटीत खासगी गृहवित्त कंपन्या शिरल्या. त्यांचा माणूस स्लिप मागत नाही. तो वडापावच्या गाडीशेजारी दिवसभर उभा राहून पाव मोजतो, दुधाचं बिल बघतो, शेजारणीला विचारतो. म्हणजे १९१५ ची 'ओळख' परत आली, आता पगारी नोकरीवर. हे काम खरंच मोलाचं आहे, आणि ते महाग आहे. १० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी महिना सुमारे ८,६८० रुपये हप्ता बसतो, १३ टक्क्यांनी ११,७२०. वीस वर्षांत गरीब ठरलेला माणूस त्याच कर्जासाठी सात लाखांहून जास्त रक्कम अधिक भरतो.

१९८४ मध्ये सुरू झालेली दिवाण हाउसिंग ही याच क्षेत्रातली मोठी कंपनी. कमी उत्पन्नवाल्यांना घर, हीच तिची ओळख. २०१९ मध्ये ती कोसळली, रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं आणि २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली. त्याच वर्षी सीबीआयने तिच्या प्रवर्तकांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा, की सुमारे २ लाख ६० हजार गृहकर्ज खाती खोटी होती आणि त्यांच्या नावाने आवास योजनेचं अनुदान मागितलं गेलं. खटल्याचं काय व्हायचं ते होवो. पण आरोप खरा मानला, तर खऱ्या रिक्षावाल्याला कागद पुरे पडत नव्हते आणि अस्तित्वात नसलेल्या लाखो माणसांचे कागद मात्र पुरे होते.

आणि शेवटचा मार्ग, जो या पट्ट्यात सगळ्यात जास्त वापरला गेला: जिथे पत विचारतच नाहीत अशा इमारतीत घर घ्यायचं. मुंब्रा, दिवा, शीळ, कल्याण-डोंबिवलीच्या कडेची गावं. दर निम्मा. पैसे बिल्डरलाच हप्त्याने. कागद म्हणजे नोटरीवरचा करारनामा. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. परवानगी नव्हती, काही महिन्यांत मजले चढवले होते. तेव्हा शहाणी माणसं म्हणाली, बँक जिथे कर्ज देते तिथेच घर घ्या. बँक कागद बघते.

हा सल्ला डोंबिवलीतल्या अनेकांनी पाळला. त्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांक बघितला, रजिस्ट्रेशन केलं, स्टॅम्प ड्युटी भरली. अनेकांना गृहकर्जही मिळालं. २०२२ मध्ये बाहेर आलं की अशा ६५ इमारतींच्या महापालिकेच्या परवानग्याच बनावट होत्या. खोट्या सह्यांच्या, खोट्या शिक्क्यांच्या कागदांवर महारेराची खरी नोंदणी मिळवलेली होती. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवाशांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, आश्वासनं मिळाली, प्रकरण लांबलं.

घेणाऱ्याचे तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जुन्या मोबाइलचे दोन हप्ते, सगळं तपासलं गेलं होतं. महापालिकेत जाऊन एक जावक क्रमांक पडताळायचा राहून गेला. तो पडताळायला हवा होता बिल्डरच्या नोंदणीच्या वेळी, सर्च रिपोर्टच्या वेळी, कर्ज मंजुरीच्या वेळी. प्रत्येकाने समजून घेतलं की आधीच्याने बघितलं असेल.

त्या इमारतींमधल्या कर्जदारांचे हप्ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून कापले जातात. इमारत बेकायदा ठरली म्हणून कर्जाचा करार आपोआप रद्द होत नाही. रागाने हप्ता थांबवला, तर त्याची नोंद पंधरवड्याच्या आत सिबिलकडे जाते, आणि नंबर खाली येतो. इमारतीचा नव्हे, त्यांचा.